वाळूतले सदतीस अंश

६ जानेवारी २०२५, सोमवार
अहमदपूरहून पहाटेची एसटी, नांदेडला बदलून अकराला हदगाव. हळद प्रक्रिया केंद्राचे मालक वैजनाथराव स्वतः स्टँडवर घ्यायला आले होते. खोली स्वच्छ आहे, खिडकीतून हळदीचं रान दिसतं. मन प्रसन्न आहे. असं मी सहसा लिहीत नाही.

काम सरळ आहे. सौर पॅनेलच्या विजेने वाळू तापवायची, ती उष्णता साठवायची आणि तिच्यावर वाफ करून हळद शिजवायची. लाकूड जाळणं बंद. पोलादी टाकी सात मीटर उंच, आत वरून खाली सोळा सेन्सर. वाळू अजून भरायची आहे.

फिटर लिंबाजी पन्नाशीचे, थट्टेखोर. त्यांच्या पत्नी भामाबाई बाजारात फुटाणे भाजून विकतात. लिंबाजी म्हणाले, आमची बाई तीस वर्सं वाळूच तापवून राहिली, तिला कुणी इंजिनिअर म्हणलं न्हाई. मी हसले.

९ जानेवारी
इथली एक सवय आवडली. टाकीत उतरणारा माणूस शिडीखाली चपला काढून जातो. खाली चपला दिसल्या म्हणजे आत माणूस आहे. तरी नियम तो नियम, म्हणून आज सगळ्यांना सेफ्टी शूज वाटले. लिंबाजींनी ते घालून नवरदेवासारखं चालून दाखवलं. म्हणाले, मॅडम, पाय साहेब झाले, वरचा लिंबाजी हाय तसाच हाय.

१० जानेवारी
चौदा नंबरच्या सेन्सरची दांडी वाकली होती. जेवणाआधी ती सरळ करायला लिंबाजींना सांगितलं. दीडच्या गाडीने ते माहूरला, लेकीकडे जाणार होते. दोन वाजून दहा मिनिटांनी वाळू भरायचा पट्टा सुरू केला, साडेपाचला टाकी भरली. भरण्याआधी टाकी रिकामी असल्याची खात्री केली. तशी सही केली. सहाला हीटर चालू.

१३ जानेवारी
पंधरा सेन्सर २८० ते ३१० अंशांच्या दरम्यान. चौदा नंबर ३७.०, माणसाच्या अंगाइतकं. बिघाड असणार. रिपोर्टमध्ये त्या जागी तेरा आणि पंधराची सरासरी टाकली. ही मान्य पद्धत आहे. वैजनाथरावांनी पेढे वाटले.

१५ जानेवारी
भामाबाई आल्या होत्या. आमचे मालक लेकीकडं, लुंबिनीकडं पोचलेच न्हाईत, म्हणाल्या. फोनही लागत नाही. मी सांगितलं, दीड वाजता गेले. जाताना मी पाहिलं, असंही म्हणाले. पाहिलं नव्हतं.

जाताना त्यांनी माझ्या हातात फुटाण्यांचा पुडा ठेवला. लेकरा, परगावात तुझं कोण करतं, म्हणाल्या. पुडा उघडला नाही.

१७ जानेवारी
चौदा नंबर आता ३०४. नीट चालतोय. ३७.० आता तेरावर आहे. सेन्सर बिघडतो. बिघाड वर सरकत नाही.

१८ जानेवारी
लिहून टाकते. त्या दिवशी मी वर चढले नाही. झाकणातून आत वाकून बघायचं असतं, ते बघितलं नाही. शिडीखाली चपला नव्हत्या म्हणून आत कुणी नाही असं धरलं. चपला नसणारच. शूज मीच दिले होते. आणि पट्ट्याच्या आवाजात —

वैजनाथरावांना म्हणाले, हीटर बंद करून टाकी रिकामी करू, सेन्सरमध्ये दोष आहे. खरं कारण सांगितलं नाही. ते म्हणाले, अवो ताई, हळद काढणीला आली, अन् रिपोर्ट तर तुम्हीच फस्क्लास देऊन राहिल्या.

२० जानेवारी
भामाबाई रोज येतात. पोलिसांत तक्रार दिली आहे. आज टाकीला हात लावत तिच्याभोवती फिरल्या. जाड आवरणावरून टाकी जेमतेम कोमट लागते. एका जागी थांबल्या. हात तसाच. म्हणाल्या, हितली वाळू कच्ची हाय बाई, तापलीच न्हाई.

डोक्याइतक्या उंचीवर. बारा नंबर. मी स्क्रीन बघितला. ३७.०.

त्यांना म्हणाले, आवरण तिथं जास्त जाड आहे.

२२ जानेवारी
सात नंबर. सरासरी टाकली. आजही टाकली.

२३ जानेवारी
तीन. वैजनाथराव नांदेडला गेलेत. हीटर बंद केले. भामाबाईंना सांगायला तोंड उघडलं आणि — चहा घेणार का, असं विचारलं.

२४ जानेवारी, दुपारी सव्वाबारा
एक नंबर. झाकणाच्या लगेच खाली.

शिडीवरच्या फळीवर उभी आहे. भामाबाईंना बोलावलंय, त्या खाली उभ्या आहेत. वही कठड्यावर ठेवून लिहितेय. लिहिलेलं वाचून दाखवणार. नाहीतर पुन्हा चहाचं विचारेन.

लिंबाजी दीड वाजता गेले नाहीत. मी न बघता सही केली. एवढंच वाचायचं. दोन वाक्यं.

झाकण उघडलं. वाळू सपाट. मधोमध एक खळगा — बसलेला माणूस उठून गेल्यासारखा. रिकामा.

भामाबाई हाक मारताहेत. मला नाही. अवो, कवा आलात, म्हणताहेत. माझ्या मागं बघून. हसताहेत — इतक्या दिवसांत पहिल्यांदा —

मला बरं वाटलं. एक क्षण. आता सांगावं लागणार नाही म्हणून —

मानेवर ऊब. अंदाजे —