तोंडापुढचं वेटोळं

पेण, रविवार, संध्याकाळ

अजून राग उतरलेला नाही. वाचनालयात मी मेक्सिकोच्या जुन्या नाहुआ चित्रपोथ्यांतले म्हातारे समजावून सांगत होते. गालांवर सुरकुत्या, पण तोंडापुढे शब्दांचं वेटोळं. म्हणजे बोलायचा मान त्यांचा. तेवढ्यात वाचनालयाच्या अध्यक्षानं, माझ्याच जुन्या विद्यार्थ्यानं, माइक काढून घेतला.

"बाई, वय झालं तुमचं. बसा आता."

लोक हसले. मी बसायचं? फळ्यावर त्यालाच काढलं, जाड मिशीसकट म्हातारा केला. वेटोळं मात्र मुद्दाम काढलं नाही.

"हा बोलत नाय व्हय, बाई?" मागून कोणीतरी विचारलं.

"सांगण्यासारखं काय आहे त्याच्याकडे?"

मग लोक त्याला हसले. तो चहा न घेताच निघून गेला. मला वाईट वाटायला हवं होतं का? त्याचा चहाही मीच प्यायले.