आबांची बेचाळीस पावलं

कोरेगाव, ३ जुलै १९९७
दुरुस्ती : काल आबांची बेचाळीस पावलं लिहिली, ते चूक. त्यांत एकवीस माझी होती. लिहिलेलं खोडायचं नाही, खाली दुरुस्ती करायची, हे आबांनीच अक्षरं शिकवताना सांगितलं होतं. फौजेत तसंच असतं. म्हणून खोडलं नाही.

संक्रांतीला आबांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू. सांगलीच्या डॉक्टरांनी परदेशी मासिकातला फोटो दाखवला : माणूस पट्ट्यांनी वर टांगलेला, यंत्र त्याचे पाय उचलतंय. अजून प्रयोग चालू आहेत, आपल्याकडे यायला वर्षं लागतील, म्हणाले. मी थांबले नाही. आबांचे फौजेतले पट्टे आहेत, मी आहे. मागे उभी राहून माझे पाय त्यांच्या पायांना बांधते. मी चालले की ते चालतात. मोटर लागत नाही.

६ जुलै
बी.एड.ला नंबर लागला. सांगली. हॉस्टेलही मिळालं. हजर व्हायची शेवटची तारीख १८. जाणं अशक्य. यंत्रच निघून गेलं तर पेशंटनं काय करायचं? आईला दोनदा समजावलं. ती भाकरी थापत राहिली.

८ जुलै
पडलो. दोघंही, जास्वंदीपाशी. चूक आबांची. त्यांनी माझ्या आधी पाऊल टाकलं. यंत्राच्या पुढे जायचं नसतं, हे शांतपणे सांगितलं. ते 'येस सर' म्हणाले. शेजारच्या कोंडीबातात्यांनी कुंपणावरून विचारलं, नांगरट कवा उरकणार.

११ जुलै
आबांच्या काठीला चिखल. काठी तर दाराआड असते. आईला विचारलं. पावसाचे दिवस आहेत, म्हणाली. तेही खरंच.

१४ जुलै, दुपारी
लायब्ररी बंद, म्हणून लवकर परतले. आबा कोंडीबातात्यांच्या गोठ्यात, काठी टेकून, म्हशीशी बोलत उभे. एकटे. आमच्या दारापासून शंभर पावलं तरी होतील. माझ्या वहीत एकही नाही.

कधीपासून, विचारलं. तात्या म्हणाले, महिना झाला की.

आबा म्हशीकडं बघत म्हणाले, "सकाळी तुला चालवून आनतो, मग दुपारी माझा मी चालतो. तुला लय वाईट वाटलं असतं, म्हनून बोललो न्हाई." मग म्हणाले, "आता माझं पाय सोड, पोरी. सांगलीला जा."

संध्याकाळी
शांतपणे विचार केला. माझी पद्धत यशस्वी झाली, हे उघड आहे. पण उपचार एकदम थांबवणं धोक्याचं. आधी डावा पट्टा सोडायचा, पंधरा दिवसांनी उजवा. कॉलेजला मुदतीसाठी पत्र लिहिते.

१६ जुलै
पट्टे सापडत नाहीत.

सापडले. माझ्या ट्रंकेला आवळले आहेत. ट्रंक आईनं भरली. बकलं आबांनी लावली, त्यात डावा हातही वापरला, असं आई म्हणाली. पत्र टाकायचं राहिलं.

अंगणात एकटी चालून पाहिलं. आईनं विचारलं, पाय का ओढतेस. ओढत नव्हते. तरी मोजलं. एकवीस पावलांत डावी दहा, दहाही ओढत. आबांची चाल आता माझ्याकडे आहे. ओसरीवरून आबा 'लेफ्ट, लेफ्ट' ओरडत होते.

दुरुस्ती : १४ तारखेला 'यशस्वी' लिहिलं. कुणावर, ते लिहायचं राहिलं.

जाणार. सकाळी सहा-चाळीसची सांगली गाडी. आबा स्टँडपर्यंत चालत येणार आहेत, मला धरायला. शुक्रवार, १८ जुलै.