नुसतं ‘हं’ चालत नाही

प्रिय बाबा,

काल नेर्मिन हानमनी माझं कौतुक केलं, म्हणून हे पत्र. कौतुक झालं की लोक पेढे वाटतात. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये गेले आणि नळ मोठा सोडून रडले.

आठवतात ना त्या? तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरातल्या बाई, आमच्याकडून सूत घेतात. ‘हानम’ म्हणजे आपल्याकडचं ‘बाई’. तुम्हाला ते नाव काही केल्या जमलं नाही, तुम्ही त्यांना शेवटपर्यंत ‘नर्मदा मॅडम’च म्हणत राहिलात! काल त्या फोनवर म्हणाल्या, “तुझ्यासारखं ऐकून घेणारं माणूस मला माझ्या घरात मिळत नाही. तुझे वडील फार नशीबवान.”

तुम्ही गेल्याचं मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर त्या सगळं विचारतील. कसे गेले, कधी गेले, तू कुठे होतीस?

बाबा, ते ऐकणं मी शिकलेलं आहे हो. ऑफिससाठी तुर्की शिकत होते तेव्हा आमच्या शिक्षिकेनं एक अख्खा धडा त्यावरच घेतला होता. समोरचं माणूस बोलत असताना आपण गप्प बसलो तर त्याला वाटतं, हिचं लक्ष नाही. म्हणून मध्ये मध्ये ‘एवेत’ म्हणायचं, म्हणजे हो. ‘ओय्ले मी?’ म्हणजे असं होय? ‘आन्लादम’, समजलं. आणि कोणी दुखणं सांगितलं की लगेच ‘गेच्मिश ओल्सुन’, म्हणजे सरू दे तुमचं दुखणं. मी हे सगळं आरशासमोर उभी राहून पाठ केलं. मान किती हलवायची तेसुद्धा!

एका रविवारी कोराडीला घरी आले होते तेव्हा तुम्हाला ती वही दाखवली. तुम्ही चहाचा कप खाली ठेवून हसलात. “हे तर आमच्या कंट्रोल रूमसारखंच झालं वं!”

तुमची कंट्रोल रूम! वीज केंद्रात फोनवर कोणी काही करायला सांगितलं की ऐकणाऱ्यानं ते जसंच्या तसं परत म्हणायचं, सांगणाऱ्यानं ‘बरोबर’ म्हणायचं आणि मगच फोन ठेवायचा. तुम्ही त्याला ‘रिपीट’ म्हणायचात. रिटायर झालात तरी ती सवय सुटली नाही. आणि घरी तर ती आधीपासूनच होती. मी शाळेतून येऊन सांगायचे, “बाबा, उद्या पिवळा कागद न्यायचाय.” तुम्ही बूट काढता काढता म्हणायचात, “उद्या. पिवळा. कागद. एक का दोन?” क्वार्टरमधल्या मैत्रिणी मला हसायच्या, तुझे बाबा पोपट आहेत का गं, म्हणून. मला तुमची लाज वाटायची. त्या वयात कळलं नाही, की माझा एकही कागद, एकही सहल, एकही दुखणारा दात तुम्ही कधी विसरला नाहीत.

आणि मी नुसतं ‘हं’ केलं की चिडायचात. “नुसतं हं नाही चालत वं. हं म्हणणारा माणूस एक दिवस प्लांट बंद पाडते.”

आता तुमच्या शेवटच्या आठवड्यातल्या त्या सोमवारचं लिहिते.

चार वाजता तुमचा फोन आला, रोजच्यासारखा. मी रोजच्यासारखा स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला. शेजाऱ्यांचा कूलर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली कोळशाची धूळ, तुमचं सुरू होतं. मी टाइप करत होते आणि अधूनमधून ‘हं’ सोडत होते. तुम्ही विचारलंत, “ऐकून राहिली ना वं?”

“हं.”

“मंग सांग बरं, काय म्हटलं मी?”

“बाबा, तुम्ही पण ना! कामात आहे मी. करते म्हटलं ना!”

“बरं, बरं. कर काम.” आणि तुम्ही फोन ठेवलात. आयुष्यात पहिल्यांदा रिपीट न घेता ठेवलात. काहून सोडलं मला, बाबा? एकदा ओरडला असतात तर काय बिघडलं असतं?

मंगळवारी, बुधवारी मी तुमचा फोन उचललाच नाही. माल निघायचा होता. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही गेलात.

त्या दिवशी तुम्ही काय सांगितलं होतं, ते मला आईकडून कळलं. तेरावं झाल्यावर ती म्हणाली, “जिना चढताना दम लागून राहिला होता त्याइले. मी मागंच लागली, तवा तुले फोन केला. म्हणे, पोरीले सांगतलं, तिच्या ऑफिसजवळच्या डॉक्टरचा गुरुवारी सकाळचा नंबर लावते ती. त्या दिवशी सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी म्हटलं, फोन करा तिले. तर म्हणे, भेटला असता नंबर तर तिनंच केला असता, कामात असलेल्या पोरीच्या मागं लागू नको. भेटला नव्हता का वं नंबर?”

मी म्हणाले, “नाही ना आई. डॉक्टर सुट्टीवर होते.”

बाबा, खोटं बोलायला एक क्षणही लागला नाही मला! तो दवाखाना रामदासपेठेत माझ्या ऑफिसपासून दोन गल्ल्यांवर आहे. त्याच्यासमोर मी रोज मोसंबीचा रस पिते. आधी दाखवलं असतं तर काय झालं असतं, ते कोणी सांगू शकत नाही, असं तुम्हाला शेवटचं तपासणारे डॉक्टर नंतर म्हणाले. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. नाही वाटलं.

आणि त्या सोमवारी चार वाजता मी काय टाइप करत होते, माहीत आहे? नंतर हिंमत करून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जुने मेसेज पाहिले. नेर्मिन हानमचा गुडघा दुखत होता. मी लिहिलं होतं, “गेच्मिश ओल्सुन. अंगावर काढू नका, डॉक्टरांना नक्की दाखवा.” तुमचा आवाज टेबलावरून येत होता तेव्हा!

आई आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, “पोरीनं लय खटपट केली, पण डॉक्टरच नव्हता.” मी तिच्या शेजारी बसून ऐकते. आणि काय म्हणते? ‘हं’ म्हणते.

एवढं पुरे. या रविवारी मी कोराडीची बस पकडणार आहे. आईला खरं सांगणार आहे, सुट्टीवरच्या डॉक्टरसकट सगळं. ती बोलेल, रडेल, कदाचित घरातून जा म्हणेल. ती जे म्हणेल ते शेवटपर्यंत ऐकेन, फोन पर्समध्ये बंद ठेवून. आणि तिचं झालं की तिचं बोलणं तिला परत म्हणून दाखवेन, कितीही टोचलं तरी. हा शब्द देते तुम्हाला.

त्याआधी तुमचा राहिलेला रिपीट.

गुरुवार. सकाळचा नंबर. ऑफिसजवळचे डॉक्टर. जिना चढताना बाबांना दम लागतो.

बरोबर, बाबा?

तुमची,
वैशू