कठडा आणि पंखा

अप्पा,

वेल्डिंगच्या गॅसचा सिलेंडर बदलायला चाललेय, तुम्ही जेवून घ्या. या वेळी नुसता कार्बन डायऑक्साइड नको, आरगॉन मिसळलेला आणते. त्यानं ठिणग्या कमी उडतात.

पण वेल्डिंगला भोकं पडत होती, त्यात गॅसचा दोष नव्हता. मी उगाच दुकानदाराशी भांडले. काल दुपारी कळलं. मास्कच्या काचेतून सगळं हिरवं दिसतं, तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं. वितळलेलं लोखंड संथ पुढे सरकत होतं आणि मानेवर गार झुळूक आली. इतकं बरं वाटलं की डोळे मिटावेसे वाटले. मग तुमच्या चपला लांब जाताना ऐकू आल्या.

गॅस त्या लोखंडावर दुलईसारखा पसरतो, अप्पा. तुम्ही पंखा लावता आणि दुलई उडून जाते.

जिन्याला कठडा करते म्हटल्यापासून तुमचा अबोला आहे. ‘मी काय म्हातारा झालोय?’ म्हणालात, तेच शेवटचं. असू दे. पंखा मात्र मी मास्क वर केल्यावरच लावा.

म्हणजे तोवर तुम्हाला तिथंच थांबावं लागेल. उजेड डोळ्यांना वाईट, तेव्हा माझ्याकडे पाठ करून थांबा. तुम्हाला ते जमतंच.

— तुमची धाकटी