हेल्मीचा खुबा

वसतिगृह, खोली क्र. २१४
१० सप्टेंबर २०१७

ती. ताउनोकाकांस,
हेल्मीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही हवामान सांगता आणि ठेवून देता, म्हणून पत्रच लिहिते. इथे सगळं ठीक आहे. खोली लहान आहे आणि माझ्या पॅडच्या बॅगेला येणाऱ्या वासावरून शेजारच्या मुलींनी तक्रार केली आहे. म्हणजे घरच्यासारखंच.

यंदा आइस हॉकीच्या टीममध्ये गोलकीपर दोघी आहोत, मी आणि क्युबेकची डेल्फिन. चपळ आहे, हसरीही आहे, त्यामुळे तिच्यावर धड रागावताही येत नाही. पहिल्या सामन्याला गोलात कोण उभं राहणार, ते अठ्ठावीस तारखेच्या चाचणीवर ठरणार आहे. व्यायामाचे प्रशिक्षक ग्रँट यांचा नियम एकच. खांद्यावर वजनाचा दांडा घेऊन बैठका मारायच्या आणि मांड्या गुडघ्यांच्या खाली गेल्याच पाहिजेत. वर राहिली ती बैठक ते मोजतच नाहीत. तीन वर्षं मी या जागेची वाट बघत्येय काका, ती मला हवी आहे.

जांघेचा स्नायू जरा ओढला गेलाय, पण काळजी नसावी. काकूंना म्हणावं, वेलदोड्याचा पाव पाठवला तर तो चाचणीच्या आधी पोचेल असा पाठवा.

माझ्यावरचा लोभ मी खाल्लेल्या गोलांवरून ठरवू नका.

तुमची,
हेल्मी

निपिगॉन
१५ सप्टेंबर

चि. हेल्मीस,
ताउनोकाकाचे अनेक उ. आ.

पाव निघाला आहे. काकूने तो पुठ्ठ्याच्या खोक्यात असा बांधलाय की तुला तो सोडवायला स्केटचं पातं लागेल. हवा थंड आहे. झालं हवामान.

आता मुद्द्याचं. जांघेचा स्नायू ओढला गेलाय हे वाक्य मी ओळखतो, कारण एकतीस वर्षं मी तेच बोलत होतो. मिलच्या टीमला बोललो, डॉक्टरला बोललो, काकूला तर रोज बोललो. गोलकीपर खुबा दुखतो असं म्हणत नाही. खुबा म्हटलं की जागा गेली, आणि जांघ म्हटलं की दोन दिवस बर्फाने शेकलं की झालं. चौपन्नाव्या वर्षी त्यांनी माझा डावा खुबा काढून धातूचा बसवला, तेव्हाही मी नर्सला जांघच सांगत होतो. ती खो खो हसली. तुझं दुखणं पुढून, मांडीच्या घडीपाशी, खाली बसताना चिमटा बसल्यासारखं आहे का? असेल तर मला फसवू नकोस. माझी फसवणूक करायला मीच पुरेसा होतो.

आणखी एक सांगायचंय आणि ते सांगायला तीन कागद फाडले. तू सहा वर्षांची असताना शनिवारची मॅच बघायला मी तुला पाय मागे दुमडून, टाचा बाहेर काढून जमिनीवर बसवायचो. गोलात पाय फाकवून गुडघ्यावर पडायला सांधे मोकळे होतात, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. वरून तुझे गुडघेही दाबायचो, आणि पाहुण्यांना बोलावून दाखवायचो की बघा, रबराची पोर. मला फार अभिमान वाटायचा. आता झोप लागत नाही. तुझ्या खुब्याचं काही झालं असेल तर त्यात माझा हात आहे.

विद्यापीठात सांध्यांचं बघणारं कोणी असेलच. जा.

आशीर्वादात कधी कमी पडलो नाही, अकलेत पडलो.

तुझा,
ताउनोकाका

वसतिगृह
२४ सप्टेंबर

ती. ताउनोकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी तुमचा इतका राग आला की पाव एकटीनेच संपवला. चाचणीला दहा दिवस उरलेले आणि तुम्ही मला डॉक्टरकडे पाठवताय! मग जिमला गेले, दांडा खांद्यावर घेतला, खाली बसले. चिमटा बसला. पुढून, घडीपाशी. तुम्ही लिहिलंत अगदी तिथेच. दांडा ठेवला आणि तशीच रुथबाईंकडे गेले.

रुथबाई फिजिओ आहेत, साठीच्या, कडक. त्यांनी आधी फोटो काढायला पाठवलं. हाडाची ठेवण अशी आहे की फार खाली गेलं की हाडावर हाड घासतं. आतली गादी अजून शाबूत आहे, पण रोज रेटत राहिलीस तर फाटेल, असं त्यांनी साफ सांगितलं. मग मला रांगायला लावलं. हात-गुडघे जमिनीवर, आणि तसंच मागे टाचांकडे सरकायचं. एका जागी माझी कंबर गोल व्हायला लागली, तिथे त्यांनी थांबवलं. म्हणाल्या, तुझी बैठक इथे संपते, याच्या खाली जे जातं ते खुबा जात नाही, कंबर जाते. तेवढ्या उंचीचं लाकडी खोकं आणून मागे ठेवलं. त्याला हलकेच टेकायचं आणि उठायचं. पावलं खांद्यांच्या रुंदीइतक्या अंतरावर, चवडे थोडे बाहेर, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने. आम्हा गोलकीपरांचे गुडघे सवयीने आत पडतात, म्हणून गुडघ्यांना रबरी पट्टा बांधून तो बाहेर ढकलत बसायचं. त्याखेरीज भिंतीला गुडघा टेकवून घोटा सैल करायचा, आणि एक पाय पुढे, एक बाजूला असा काटकोनात दुमडून सावकाश कूस बदलायची. दुखेपर्यंत ताणायचं नाही. दुखलं की चुकलं.

तुमच्या रबराच्या पोरीबद्दलही विचारलं. त्या म्हणाल्या, हाडं कशी घडतात ते कोणालाच पुरतं माहीत नाही, निम्मी मुलं तशीच बसतात, आणि काकांना म्हणावं झोपा. तर झोपा.

आता खरी पंचाईत. त्या खोक्यावर टेकले की माझ्या मांड्या गुडघ्यांच्या खाली जात नाहीत, जेमतेम गुडघ्यांच्या पातळीत येतात. ग्रँट एकही बैठक मोजणार नाहीत. रुथबाई चिठ्ठी द्यायला तयार आहेत, पण चिठ्ठी दिली की टीममध्ये मी खुबेवाली ठरणार. एक दिवस दात आवळून खाली गेले तर कोणाला कळणार आहे? मला काहीच सुचत नाहीये.

रागावले होते तरी तुमचीच,
हेल्मी

निपिगॉन
२६ सप्टेंबर

चि. हेल्मीस,
अनेक उ. आ.

टपाल वेळेवर पोचावं म्हणून लगेच लिहितो. काय कर ते मी सांगणार नाही. मी तुझ्या जागी असतो तर खाली गेलो असतो, आणि मी काय केलं असतं यावर विसंबू नये हे तुला माझ्या चालीवरून दिसतंच.

रांगून मागे सरकायचा प्रकार मी स्वयंपाकघरात केला. काकूला वाटलं माझं काहीतरी हरवलंय, तीही खाली उतरून शोधायला लागली. मग दोघांनी केलं. ती माझ्यापेक्षा पुष्कळ मागे जाते, आणि हे ती आता सगळ्या गावाला सांगते आहे.

तू जिममधून स्वतःच्या पायांनी त्या बाईंकडे गेलीस, ही गोष्ट मी काकूला तीनदा वाचून दाखवली. मला तेवढं अंतर कापायला एकतीस वर्षं लागली होती. पुढे काहीही कर, एवढं माझ्याकडे जमा आहे.

तुझा,
ताउनोकाका

वसतिगृह
२ ऑक्टोबर

ती. ताउनोकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

चाचणी झाली. माझं नाव पुकारलं तेव्हा मी खोकं उचलून आणलं आणि दांड्यामागे ठेवलं. ग्रँटनी विचारलं हे काय. मी सगळ्यांसमोर सांगितलं की माझा खुबा दुखतो, जांघ नाही, आणि माझी बैठक इथपर्यंतच आहे. मग दहा बैठका मारल्या, सुरेख, गुडघे एकदाही आत पडले नाहीत. ग्रँटनी वहीत शून्य लिहिलं. वाईट वागले नाहीत, नियम नियम म्हणाले. पहिला सामना डेल्फिनला मिळाला. मी खोलीत येऊन मनसोक्त रडले.

दुसऱ्या दिवशी डेल्फिन जिममध्ये माझ्याजवळ आली. इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं की ते खोकं तिला जरा मिळेल का. तिची जांघ म्हणे दोन वर्षं ओढलेली आहे. मी तिला त्याच दिवशी रुथबाईंकडे नेलं. तिचं दुखणं नुसतं गुडघे आत पडण्याच्या सवयीचं निघालं, खेळायला परवानगी मिळाली. आता सकाळी आम्ही दोघी शेजारी शेजारी रांगतो.

बारा तारखेच्या सामन्याला येऊ नका. बघण्यासारखं काही नसेल, मी राखीव बाकावर, बर्फावर जा-ये करणाऱ्यांसाठी दार उघडत-मिटत बसणार. एवढा लांबचा प्रवास त्यासाठी नको.

काकूंना नमस्कार. तुम्ही आहात म्हणून तोंड उघडलं.

तुमची,
हेल्मी

निपिगॉन
१६ ऑक्टोबर

चि. हेल्मीस,
अनेक उ. आ.

येऊ नका म्हणालीस, म्हणून न सांगता आलो. दोन दिवस गाडी चालवली, वाटेत तीनदा उतरून घोटे सैल केले. पार वरच्या रांगेत कोपऱ्यात बसलो होतो आणि संपताच निघालो, कारण आम्हाला बघून तू कानकोंडी झाली असतीस. रागव हवं तर.

डेल्फिन छान खेळली म्हणतात. निकाल काकूला विचार, तिने सामना बघितला. मी बाक बघत होतो. दार दर वेळी वेळेवर उघडत होतीस, आत येणाऱ्या प्रत्येकीच्या पाठीवर थाप मारत होतीस. हरलेल्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो, बरीच वर्षं आरशात बघितलाय. तो तुझा नव्हता.

तिसऱ्या भागात कोणाची तरी बाटली बाकाखाली गडगडली. तू अंगावर सगळे पॅड असताना खाली बसलीस, ती काढलीस आणि कशालाही हात न लावता सरळ उठलीस. तेविसाव्या वर्षी मी कठडा धरून उठायचो, आणि त्याआधी कोणी बघत नाही ना, हे बघून घ्यायचो. माझ्या डोळ्यांना धार लागली. काकू तेवढ्यात कॉफी घेऊन आली आणि माझा चेहरा बघून घाबरली, तिने विचारलं आपल्यावर गोल झाला का. मी सांगितलं, नाही, हेल्मीने अडवला.

तुझाच,
ताउनोकाका