सोसायटीच्या पायरीवर धोतरा

प्रिय आबा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी अबोला धरला होता. राग होता तुमचा. पण परवा दूध सोसायटीचा चेअरमन धापा टाकत आपल्या दारात आला आणि धोतऱ्याचं पान मागू लागला! हे तुमच्याशिवाय सांगू कुणाला?

आठवतोय ना तुमचा धोतरा? उकिरड्याच्या कडेला, न्हाणीच्या पाण्यावर वाढवलेला, पांढऱ्या कर्ण्यासारख्या फुलांचा. दुष्काळात सगळं शिवार करपलं, हा पठ्ठ्या हिरवागार! दम्याची उबळ आली की सावलीत वाळवलेलं चिमूटभर पान चिलमीत घालायचात. दोन झुरके घेतले की छातीतली शिट्टी थांबायची. कुणाचा गुडघा सुजला तर तेल लावून गरम केलेलं पान बांधायला द्यायचात. बी मात्र कुणाला नाही. "बी पोटात गेलं तर मानूस येडा व्हतो, न्हायतर मरतो," हे प्रत्येकाला बजावायचात. शिवरात्रीला अख्खं गाव आपल्या दारची फुलं-फळं न्यायचं. तेव्हा नव्हतं ते विष?

मग चेअरमनची गाय मेली. पाण्यावाचून खुरटलेली ज्वारी त्याच्याच गड्यानं तिला चारली होती. तसली ज्वारी जनावराला बाधते, हे गावात कोण जाणत नव्हतं? पण बोट आपल्याकडं. मेलेली जनावरं ओढायचं आपण सोडलं, त्याचा राग होताच. तुम्हाला सोसायटीच्या पायरीवर उभं करून, दुधाच्या रांगेसमोर तो म्हणाला, "यानंच धोतरा चारला. झाडं उपटल्याबिगर याचं दूध घ्यायचं न्हाय."

उपाशी शेळीसुद्धा धोतऱ्याला तोंड लावत नाही, आबा. एवढं तरी बोलायचंत!

घरी येऊन स्वतःच्या हातानं झाडं उपटलीत. आई रडायला लागली, तर म्हणालात, "पोरीची शाळा दुधावर हाय." मला विचारलं होतंत? साठवलेलं पान दिवाळीतच संपलं आणि थंडीत तुम्ही गेलात.

दुष्काळ सरला त्या पावसाळ्यात भिंतीलगत धोतरा आपोआप दाट उगवला. बी मातीतच होतं. कसला संताप आला मला त्या झाडांचा! पण उपटली नाहीत.

आता दमा चेअरमनला. उमरग्याच्या डॉक्टरच्या सुया झाल्या, उतार नाही. म्हणाला, "विमल, तुझ्या आबाचं पान दे गं. लई उपकार हुतील."

"देते की," मी म्हणाले. "पर हितं न्हाय. उद्या सकाळी सोसायटीच्या पायरीवर बसून वढा. दुधाच्या रांगंम्होरं."

आला तसाच धापा टाकत गेला. तुम्ही असतात तर लगेच दिलं असतंत, वर पाणीही पाजलं असतंत. म्हणूनच तर गेलात!

सकाळी तो पायरीवर बसलेला होता. मी चिलीम भरून दिली. हळूहळू त्याची छाती मोकळी झाली.

"कुणाच्या दारचं पान हाय, सांगा की समद्यास्नी," मी म्हणाले.

मान खाली घालून त्यानं तुमचं नाव घेतलं.

बरं वाटलं का? नाही, आबा. त्याचा श्वास सुरळीत झालेला ऐकवत नव्हता मला.

तरी शब्द देते. झाडं राहतील. बी कुणाला देणार नाही. पान मागेल त्याला देईन, पण आधी त्यानं तुमचं नाव घ्यायचं. मोठ्यानं.

जयभीम.

तुमची,
विमल