अर्धा इंच

ता. ९ जानेवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं मजेत आहोत, तूही तशीच असशील असं धरून लिहितो. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, म्हणून हे पत्र.

आधी खुर्चीत नीट बस. तुझा मामा व्यायामशाळेत जायला लागलाय. हसून झालं असेल तर पुढचं वाच. वय अठ्ठावन्न, चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून पाठीची कमान झालेली. त्यात डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी चालू केली आणि अंगाला जरा काम द्या म्हणाले. मी चालायला म्हणून निघालो आणि आपल्या दुकानाच्या वरच्याच मजल्यावर शिरलो. इतकी वर्षं डोक्यावर वजनं आपटल्याचे आवाज ऐकत होतो, आता मीही आपटतो. खाली कापडावर धूळ पडते ती तुझी मामी झाडते, आणि झाडताना मला काय काय ऐकवते ते लिहिण्यासारखं नाही.

पहिल्या दिवशी तिथल्या वस्तादांनी त्यांच्या टेपने माझा दंड मोजला. साडेबारा इंच भरला. सप्टेंबरात इथे शरीरसौष्ठवाची स्पर्धा आहे, त्यात पंचावन्नच्या पुढच्यांचा वेगळा गट असतो. मी नाव देणार आहे. बक्षीस कोणाला हवंय? पण मला घरात हँगर म्हणतात ना, ते नाव कोणी ठेवलं हे तुला कोणी सांगितलं नसेल. लग्नाच्या दिवशी मी स्वतः शिवलेला कोट घालून उभा होतो. तुझी मामी आपल्या बहिणीच्या कानात म्हणाली, की कोट छान आहे आणि हँगरही बरा आहे. बहिणीने ते घरभर केलं. त्याला तेहतीस वर्षं झाली, जगाच्या खांद्यांची मापं घेत आलोय, बारके. एकदा तिच्यासमोर स्वतःचे खांदे घेऊन उभं राहायचंय.

तुझा लॅबसाठीचा पांढरा कोट पार्सलने पाठवलाय. चिठ्ठीवर लिहून पाठवलेल्या मापांबरहुकूम शिवलाय.

लोभ आहेच. तो वाढवलास तर दंडही वाढेल.

तुझा मामा

•

ता. २६ जानेवारी

ती. मामास सा. न. वि. वि.

पत्र लॅबमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या मॅडमनी तुझा फोटो मागितलाय, तेव्हा केस जरा काळे करून काढ.

मला मनापासून आनंद झालाय. या वयात स्नायू वाढत नाहीत असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. वजन उचललं की स्नायूच्या धाग्यांवर ताण येतो. मग तिथल्या तिथे वाढीचे निरोप देणारी द्रव्यं तयार होतात, धाग्यांच्या कडेला झोपून असलेल्या पेशी जाग्या होतात आणि त्या धाग्यांना येऊन मिळतात. टेस्टोस्टेरॉन त्या कामाला जोर देतं. ते वयाबरोबर थोडं उतरतं, पण आटत नाही. गाढ झोपेत ग्रोथ हार्मोन सुटतं, ते यकृताकडून आणखी एक वाढीचं द्रव्य करून घेतं. म्हणजे तू उचलतोस सकाळी आणि वाढतोस झोपेत. अंडी, दूध, शेंगदाणे भरपूर खा. मामीशी भांडू नकोस, कारण सततच्या कटकटीने कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं आणि ते मिळवलेलं पोखरतं.

कोट सुरेख आहे, पण सैल होतो. खांदे उतरतात, बाह्या मनगटाच्या पुढे येतात. मापं मी दोनदा मोजून पाठवली होती हो.

लोभ असावा, आणि झोप त्याहून जास्त असावी.

तुझी बारकी

•

ता. १४ जून

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

कोट सैल होतो कारण तू वाळली आहेस. चिठ्ठीवर मापं पाठवणाऱ्यांची ही नेहमीचीच रड आहे, दर महिन्याला एखादा सैल शर्ट घेऊन येतो. दुकानात येऊन माप देणाऱ्यांची एक तक्रार नाही. लोकांना टेप धरता येत नाही, त्याला मी काय करू?

बाकी मी खचलोय. पाच महिने एक दिवस चुकवला नाही. चार महिने मुद्दाम टेप लावला नाही, आता महिनाभर दर रविवारी आंघोळीनंतर माझ्या टेपने दंड मोजतोय. तोच टेप, दुकान उघडलं त्या दिवशीचा, गळ्यात असला की हात आपोआप चालतो. दर रविवारी साडेबारा. सुरुवातीला चार किलोचं डंबेल जड जायचं, आता नऊ किलोचं हसत उचलतो, तरी साडेबारा. पाच महिन्यांत पाच दोऱ्यांइतकाही फरक नाही.

वर एक तरुण येतो, त्याला सगळे कपाट म्हणतात. दारातून सरळ येत नाही, तिरका होऊन येतो. मुलगा मनाने फार चांगला. माझं तोंड बघून त्याला वाईट वाटलं. तो म्हणाला की या वयात आतली टाकी रिकामी असते, बाहेरून भरावी लागते. त्याने स्वतःजवळची टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनची बाटली मला दिली. एक जुलैपासून सुरू करायचं ठरवलंय, म्हणजे सप्टेंबरपर्यंत अंग दिसेल. तू दिवसभर लोकांच्या रक्तातली हार्मोन्सच मोजतेस. तर मला किती घ्यायचं तेवढं कळव. मामीला बोलू नकोस.

लोभ आहे. दंडासारखाच, आहे तेवढाच.

मामा

•

ता. १८ जून

चि. बारकीस आशीर्वाद.

घाईत लिहिते. तुझ्या मामांनी काहीतरी उद्योग मांडलाय. बॉबिन शोधायला मशीनचा खण उघडला तर आत औषधाची बाटली आणि सुई. ती सुई शिवणाची नाही एवढं मला कळतं. बाटलीवरचं नाव सोबतच्या कागदावर उतरवलंय, बघ. मी काही बोलले नाही, बाटली होती तशी ठेवली. विचारलं तर हो म्हणतील आणि करायचं तेच करतील, तुला माहीत आहेत.

मला त्यांचा व्यायाम आवडतो गं. सकाळी शीळ घालत जिना चढतात. जेवण मागून घेतात. मशीनवर धरल्यासारखे आखडलेले हात झोपेतही खाली येत नव्हते, ते आता येतात. पण महिनाभर आरशासमोर जातात आणि पडलेल्या चेहऱ्याने परत येतात. माझ्या एका मेल्या विनोदापायी हा माणूस अंगात सुया टोचून घेणार हे ठाऊक असतं, तर मी तेव्हाच माझं तोंड शिवून टाकलं असतं. काहीतरी कर. एक तारीख जवळ आली आहे, कॅलेंडरवर त्यांनी गोल केलाय.

तुझी मामी

•

ता. २२ जून

ती. मामास सा. न. वि. वि.

फोन केला तर तू मशीन चालू करशील आणि ऐकू येत नाही म्हणशील. म्हणून लिहिते, आणि तू हे शेवटपर्यंत वाचायचंस.

किती घ्यायचं विचारलंस. काहीच नाही. मी तुला खोटं सांगणार नाही, त्याने स्नायू वाढतात. पण मेंदू रक्तातलं टेस्टोस्टेरॉन सतत मोजत असतो. बाहेरून भरपूर आलं की तो आतल्या ग्रंथींना निरोप पाठवणं बंद करतो. दुकानात तयार कपड्यांचे गठ्ठे येऊन पडले तर तू मशीन चालवशील का? तसं आहे ते. आणि इंजेक्शन थांबवल्यावर आतलं काम लगेच सुरू होईलच असं नाही. तरुणांना तर त्यापायी मूलही होईनासं होतं. त्यात रक्त दाट होतं, प्रेशर चढतं, हृदयावर भार येतो. तू आधीच प्रेशरच्या गोळीवर आहेस. आमच्याकडे असे रिपोर्ट येतात मामा, रक्ताच्या नळीवरचं वय मी दोनदा वाचते. तुझ्या नावाची नळी मला तशी बघायची नाही. मला वडील आठवत नाहीत. शाळेच्या पहिल्या दिवसापासून माझं प्रत्येक माप तुझ्या वहीत आहे. तेव्हा ऐक.

आता दुसरी गोष्ट. आम्ही सकाळी पहिली नळी लावतो ती कोणा रुग्णाची नसते. तिच्यात किती काय आहे हे आधीच ठाऊक असतं. मशीनने ते चुकीचं सांगितलं तर रक्ताला दोष देत नाही, मशीन तपासतो. तुझं पत्र चारदा वाचलं. डंबेल चारचं नऊ झालं आणि दंड तेवढाच, हे मला पटेना. मग चिठ्ठीवाल्यांचे सैल शर्ट आठवले, आणि माझा कोट. पहिलं माप वस्तादांच्या टेपने घेतलं होतंस, नंतरची सगळी स्वतःच्या. चाळीस वर्षं ओढलेला कापडी टेप, मामा. दुकानात येणाऱ्याला तू त्याच टेपने मोजतोस आणि कापडही त्याच टेपने कापतोस, म्हणून चूक चुकीला भरून काढते आणि कपडा बरोबर बसतो. माप बाहेरून आलं की कपडा सैल होतो.

कापायच्या टेबलावर लोखंडी पट्टी आहे ना? टेप तिच्याशेजारी ठेव. बाटलीला हात लावायच्या आधी एवढं कर. माझा अंदाज चुकला तर मला काय हवं ते बोल, पण तरीही बाटली नको.

लोभ असावा, आणि या वेळी ऐकणंही असावं.

बारकी

ता. क. मामीला सगळं ठाऊक आहे. ती बोलली नाही म्हणून तिला कळलं नाही असं समजू नकोस.

•

ता. २७ जून

चि. बारकीस आशीर्वाद, आशीर्वाद आणि पुन्हा आशीर्वाद.

पत्र वाचून आधी राग आला. माझ्या टेपवर संशय म्हणजे माझ्या हातावर संशय. तरी दुकान बंद करून पट्टी काढली. पट्टीवर बारा इंच, टेपवर साडेअकरा. तीनदा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. मग वरून वस्तादांचा टेप मागून आणला आणि मामीला दंड मोजायला सांगितला. तेरा भरला बारके. जानेवारीपासून अर्धा इंच वाढला होता आणि तो अर्धा इंच माझ्या गळ्यातच लटकत होता. मी खाली बसून इतका हसलो की मामीला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. मग तीही हसायला लागली, मग रडली, मग मला बाटलीवरून जे झाडलंय ते काही विचारू नकोस. मी मान खाली घालून ऐकलं, माझी चूकच होती.

बाटली परत द्यायला कपाटला खाली दुकानात बोलावलं. तू लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. इतका मोठा माणूस, आमच्या छोट्या स्टुलावर बसला. मग हळूच म्हणाला, की लग्नाला तीन वर्षं झाली, मूल होत नाही, आणि तपासणीत जे निघालं ते त्याने बायकोलाही सांगितलेलं नाही. मी त्याला तुझ्या मामीच्या हातचा चहा पाजला. घरी जाऊन आधी बायकोला सांग आणि मग दोघं डॉक्टरांकडे जा म्हटलं. सोमवारी जाणार आहेत. डॉक्टर जे सांगतील तेच करायचं, मनाने काही करायचं नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.

लोभ आहेच. आज पट्टीने मोजून पाठवतोय.

मामा

•

ता. २१ सप्टेंबर

चि. बारकीस आशीर्वाद.

तुझ्या मामांना लिहायचं होतं, पण हात इतके दुखतायत की पेन धरवत नाही. म्हणून बक्षीससमारंभाचं वर्णन माझ्या गळ्यात पडलं.

त्यांच्या गटात सहा जण होते, त्यात यांचा नंबर चौथा. दोघांना हरवलं, हे मी सकाळपासून पाच वेळा ऐकलंय. अंगाला तेल लावायला कपाट आला होता. तो यंदा स्पर्धेत नव्हता. त्याचे उपचार चालू आहेत, वेळ लागेल म्हणालेत, पण बायको बरोबर आली होती आणि दोघं हसत होते. फॉर्मवर टोपणनावाची जागा होती, तिथे यांनी काय लिहिलं असेल? माईकवरून हँगर म्हणून पुकारल्यावर सगळं सभागृह हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग हे आले आणि पाठ फिरवून उभे राहिले. ती मशीनवर वाकलेली पाठ सरळ होती गं, आणि खांदे होते, चांगले दिसण्यासारखे. हसणं थांबलं आणि टाळ्या झाल्या. यांनी मान वळवून मला शोधलं. मी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते, मला लाज वाटली नाही.

घरी आल्यावर मीच लग्नातला कोट काढला आणि घाला म्हटलं. एक बाही चढली, दुसरी चढवताना पाठीवरची शिवण टर्रकन उसवली. स्वतःच्या हातची शिवण उसवली तर हा माणूस दोन दिवस जेवत नाही. काल उभ्या उभ्या हसत होते. लगेच दोरा ओवायला निघाले, तो मी हातातून काढून घेतला. तो कोट मी दुकानात, आरशाशेजारी टांगून ठेवलाय, उसवलेली बाजू पुढे करून. आता त्याला खरा हँगर मिळालाय.

नव्या कोटाचं माप मीच घेतलं, नव्या टेपने. छाती फुगवून उभे राहिले, श्वास सोडा म्हटलं तर सोडेनात. वहीत मी फुगवलेलंच माप लिहिलं. तुझी मापंही पुन्हा पाठव, कोट दुरुस्त करायचाय. नाहीतर स्वतःच ये, आमच्या डोळ्यांना बरं वाटेल.

लोभ होता तेवढाच आहे. जुन्या टेपने कमी दिसत असेल तर नव्याने मोजून बघ.

तुझी मामी